बोटं आखडण्याआधीची वर्षं

सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. टूथपेस्टचं झाकण फिरत नाही, गॅसचं बटण दाबून फिरवायला दुसरा हात लावावा लागतो, कणीक मळणं तर लांबच राहिलं. गरम पाण्यात हात बुडवून, चहा होऊन, तास-दीड तास गेला की बोटं सुटायला लागतात. दहा वाजेपर्यंत ती इतकी मोकळी होतात की घरातल्यांना वाटावं, हिची सकाळची कुरकुर म्हणजे नुसता कामाचा कंटाळा.

रुमेटॉइड आर्थ्रायटिस, आपल्याकडचा आमवात, आधी ओळखू येतो तो या तासाभरावरून. झिजेच्या संधिवातातही सकाळी गुडघा धरतो, पण दहा-पंधरा मिनिटांत सुटतो आणि दिवसभर वापरला की संध्याकाळी जास्त ठणकतो. आमवाताचं उलटं. तो बसून राहिलं की वाढतो, हातपाय हलवले की सैलावतो. त्याच्या जागाही ठरलेल्या: बोटं तळव्याला जुळतात ते सांधे, बोटांचे मधले सांधे, मनगटं, पावलांचा पुढचा भाग, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखेच. नखाजवळचं शेवटचं पेर सहसा वाचतं. डॉक्टर शेकहँड केल्यासारखा हात धरून चारही बोटांची मुळं आडवी दाबतात ते उगाच नाही. डोळ्यांना सूज दिसायच्या आधी त्या दाबाने कळ येते.

पहाटेच का, यालाही उत्तर आहे. दाह पेटता ठेवणारे रेणू, विशेषतः इंटरल्यूकिन-६, रात्र चढत जाते तसे रक्तात वाढतात आणि पहाटे सर्वांत जास्त असतात. त्यांना आवरणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल त्यांच्या मागून येतं, आणि आमवातात ते कमी पडतं. आजाराला असं स्वतःचं घड्याळ आहे. पण या लेखाचा विषय त्या घड्याळापेक्षा कॅलेंडर आहे: बोटं आखडण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून उलटत आलेलं.

त्याआधी शब्दाचा एक गुंता. मराठीत ‘वात’ हा फार मोठा डबा आहे. कंबर धरली की वात, टाच दुखली की वात, चिकुनगुनियानंतर सांधे राहिले तरी वात. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांना सांधे-स्नायूंच्या दुखण्याविषयी विचारलं. दुखणं सांगणारे साधारण पाचांत एक होते. प्रत्यक्षात रुमेटॉइड निघाला तो सुमारे अर्ध्या टक्क्यात. दोनशे प्रौढांमागे एक. आकडा लहान वाटतो, पण गावाचा हिशेब करून पाहा, आणि त्यात बायका पुरुषांच्या दोन-तीन पट असतात हेही धरा. बाकीच्यांचं दुखणं खोटं नव्हतं, यंत्रणा वेगळी होती. आणि औषध यंत्रणेवर चालतं, नावावर नाही.

आता कॅलेंडर. नेदरलँड्समधल्या एका रक्तपेढीने दात्यांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं गोठवून ठेवले होते. पुढे ज्यांना आमवात झाला असे ७९ दाते शोधून त्यांचे जुने नमुने काढले गेले. २००४ साली निष्कर्ष छापून आला: जवळजवळ निम्म्या जणांच्या रक्तात आजाराच्या प्रतिपिंडांपैकी, म्हणजे अँटिबॉडींपैकी, निदान एक तरी आधीच होती. सरासरीने पाहिलं तर पहिल्या लक्षणाच्या साडेचार वर्षं आधी, एखाद्यात तर तेरा-चौदा वर्षं आधी. चाळिशीत जिची बोटं आखडली ती पस्तिशीत रक्तदान करून, बिस्किटं खाऊन, दंडावर पट्टी लावून ठणठणीत घरी गेली होती. पुढच्या आजाराची चिठ्ठी पिशवीत होती.

या प्रतिपिंडांचा रोख कशावर असतो? इथे एक कलिंगड मध्ये येतं. आपली प्रथिनं वीस अमिनो आम्लांची बनतात. त्यातलं एक आर्जिनिन, त्याच्यावर धन विद्युतभार असतो. पॅड नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम, प्रथिनात आधीच गुंफलेल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन करतात. वजनात फरक पडतो जेमतेम एका हायड्रोजन अणूएवढा, पण भार निघून जातो, आणि भार गेला की प्रथिनाची घडी सैल होते. सिट्रुलिन हे नाव सिट्रुलस, म्हणजे कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून आलं. १९१४ साली जपानमध्ये कलिंगडाच्या रसातूनच ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. (कुणी आता कलिंगड सोडू नये. खाल्लेलं सिट्रुलिन प्रथिनात गुंफलं जातच नाही, कारण जनुकांच्या लिपीत त्याला अक्षरच नाही. प्रथिन तयार झाल्यावर जागच्या जागी होणारा बदल तेवढा इथे मोजायचा.)

हा बदल मुळात रोग नाही. त्वचेचा वरचा थर घट्ट होताना तो होतो, पांढऱ्या पेशी जंतूंवर जाळं टाकतात तेव्हा होतो. पॅडला कॅल्शियम लागतं आणि जिवंत पेशीच्या आत ते फार थोडं असतं, म्हणून एरवी विकर झोपलेलं राहतं. पेशी मरायला टेकली की कॅल्शियम आत घुसतं आणि पॅड कामाला लागतं. म्हणजे जिथे जिथे दाह, तिथे तिथे सिट्रुलिन. मग ठराविक माणसांचीच प्रतिकारयंत्रणा त्याच्यावर डूख का धरते?

उत्तराचा एक मोठा तुकडा १९८७ साली हाती आला. एचएलए-डीआर हा रेणू पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे धरून टी पेशींना, म्हणजे परकं काय ते ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतो, दुकानदार काचेवर नमुना धरतो तसा. ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर यांनी दाखवलं की आमवाताशी नातं असलेल्या डीआरच्या वेगवेगळ्या प्रकारांत ७० ते ७४ या जागांवरची पाच अमिनो आम्लं जवळजवळ एकसारखी असतात. त्या पाचांनी डीआरच्या खोबणीत एक कप्पा बनतो आणि त्या कप्प्यावर धन भार असतो. आर्जिनिनही धन, कप्पाही धन. तुकडा नीट बसत नाही. त्याचं सिट्रुलिन झालं की भार गेला, तुकडा चपखल बसला आणि टी पेशींसमोर मांडला गेला. वर्षानुवर्षं नुसतं ‘आनुवंशिक प्रवृत्ती’ असं म्हटलं जायचं, त्यामागे हा एवढासा भारांचा खेळ होता. माझ्या मते या विषयातला सर्वांत देखणा धागा हाच.

तरी जनुकं म्हणजे नशीब नव्हे. एकाच फलित बीजापासून झालेल्या हुबेहूब जुळ्यांत एकाला आमवात असला तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास. उरलेलं बाहेरून येतं, आणि बहुधा सांध्याच्या बाहेरून. स्वीडनमध्ये क्लारेस्कोग यांच्या गटाने २००६ साली दाखवलं की डीआरच्या त्या पाच अमिनो आम्लांच्या जनुकाच्या दोन प्रती आणि सिगारेट एकत्र आल्या की सिट्रुलिनविरोधी प्रतिपिंड असलेल्या आमवाताचा धोका २१ पट होतो. धूम्रपान करणाऱ्यांची फुप्फुसं खारट पाण्याने धुऊन पाहिली तर त्या पाण्यातल्या पेशींत सिट्रुलिन झालेली प्रथिनं सापडली. नुसती तंबाखू ओठाखाली ठेवणाऱ्या स्वीडिश लोकांत मात्र हा धोका वाढलेला दिसला नाही. संशय निकोटिनवर नाही, धुरावर आहे. मिश्री हिरड्यांचं आणि तोंडाचं जे करते ते वेगळंच प्रकरण, त्याला यातून माफी मिळत नाही. दगडाच्या खाणीतली, क्रशरवरची सिलिकाची धूळही याच यादीत बसते. आणि हिरड्या सडवणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणू तर स्वतःचं पॅडसारखं विकर घेऊनच येतो. म्हणजे दुखतं बोटांत, पण सुरुवात फुप्फुसात किंवा हिरडीत झालेली असू शकते.

‘शरीर स्वतःवरच हल्ला करतं’ हे वाक्य आता वर्तमानपत्रांत मुरलं आहे. चुकीचं नाही, पण त्यातून वाटतं की निरोगी माणसात असं काही नसतंच. खरं तर स्वतःला ओळखून अंगावर जाणाऱ्या टी पेशी प्रत्येकात जन्मतात. छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी असते. तिथे एअर नावाच्या जनुकामुळे अंगभरच्या प्रथिनांचे नमुने मांडले जातात आणि ज्या टी पेशी त्यांना घट्ट चिकटतात त्यांना तिथेच संपवलं जातं. ही परीक्षा कडक असली तरी गळती राहतेच. शिवाय एखादं प्रथिन पुढे कधी तरी बदललं तर त्याचा पेपर त्या परीक्षेत आलेलाच नसतो. सुटलेल्यांवर बाहेर पहारा ठेवतात नियंत्रक टी पेशी. साकागुची यांनी १९९५ साली त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. ब्रंकॉव आणि रॅम्सडेल यांनी २००१ साली खपलीभरल्या अंगाच्या, अल्पायुषी उंदरांत फॉक्सपी३ जनुकाचा बिघाड शोधला, आणि हे जनुकच त्या पहाऱ्याची किल्ली निघालं. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं. तेव्हा स्वतःविरुद्ध शस्त्र असणं ही बातमी नाही. पहारा कधी आणि का ढिला पडला, ही बातमी.

सांध्यात पोचल्यावर काय होतं ते पाहू. सांध्याच्या आतलं अस्तर एरवी एक-दोन पेशी जाडीचं असतं. आमवातात ते दहा-बारा थरांचं होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि दुधावर साय पसरावी तसं ते कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीवर, पसरत जातं. याला पॅनस म्हणतात. त्यातल्या तंतुपेशी कूर्चा विरघळवणारी विकरं सोडतात, तर हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कडेने शिरतात, कारण कूर्चेचं पांघरूण संपतं आणि अस्तर थेट हाडाला भिडतं ते कडेलाच. म्हणून एक्स-रेवर पहिली खाच सांध्याच्या कोपऱ्यात दिसते. ती दिसली म्हणजे हाड गेलेलं आहे. औषधाने पुढची खाच थांबते, झालेली भरून येत नाही. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत औषध सुरू व्हावं असा धोशा डॉक्टर लावतात तो यामुळे.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण गोंधळ तिथेच होतो. रुमेटॉइड फॅक्टर नॉर्वेच्या वालर यांनी १९४० साली नोंदवला. प्रतिपिंडाच्या शेपटीलाच पकडणारं हे प्रतिपिंड. आमवाताच्या सत्तर-ऐंशी टक्के रुग्णांत ते असतं, पण हेपेटायटिस सी, क्षय, कुष्ठरोग आणि नुसतं वय यांतही असतं. फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आमवात नव्हे, निगेटिव्ह म्हणजे सुटका नव्हे. अँटी सीसीपी ही सिट्रुलिनविरोधी तपासणी जास्त नेमकी. ती पॉझिटिव्ह आली आणि आमवात नाही, असं क्वचित होतं. पण तीही तीन रुग्णांमागे साधारण एकात येत नाही. ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ म्हणून लॅबवाले जे पॅकेज विकतात त्यातली एएसओची तपासणी घशाच्या स्ट्रेप्टोकॉकसची आहे. प्रौढ बाईच्या सुजलेल्या बोटांशी तिचं काही घेणंदेणं नाही, आणि ती वाढलेली आली म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिन टोचून घेणं हा निव्वळ छळ आहे.

दाह मोजायच्या दोन तपासण्या म्हणजे ईएसआर आणि सीआरपी. ईएसआर वाढतो तो फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनामुळे लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटून लवकर खाली बसतात म्हणून. मात्र रक्त पातळ असलं, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलं, तरीही तो वाढतो. आपल्याकडच्या बायकांत हा फरक विसरून चालत नाही. सीआरपी यकृत बनवतं, इंटरल्यूकिन-६ च्या हुकमावर. हाच हुकूम यकृताकडून हेप्सिडिन बनवून घेतो, आणि हेप्सिडिन लोह साठ्यात कुलूपबंद करतं. म्हणून आमवातातला अशक्तपणा लोहाच्या गोळ्यांनी हलत नाही, दाह उतरला की आपोआप सुधारतो. (गोळ्यांनी सुधारला तर लोहही खरंच कमी होतं, दोन्ही एकत्र असणं आपल्याकडे नेहमीचं. लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन पाहताना दाहात ते खोटं वाढतं हे धरायचं.) आणि टोसिलिझुमॅब हे इंटरल्यूकिन-६ अडवणारं इंजेक्शन चालू असेल तर सीआरपी जवळजवळ शून्य दिसतो, आत न्यूमोनिया असला तरी. तिथे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून निश्चिंत होणं महागात पडतं.

दाहाच्या या गर्दीत एकालाच पकडून काही उपयोग होईल असं १९८० च्या दशकात फारसं कुणाला वाटत नव्हतं. सांध्यात डझनावारी रेणू. एक अडवला तर दुसरा त्याची जागा घेईल. लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटाने रुग्णांच्या अस्तरातल्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यांत टीएनएफ हा दाहाचा एक रेणू अडवणारं प्रतिपिंड घातलं. इंटरल्यूकिन-१ बनणंही खाली आलं. १९८९ सालची ही गोष्ट. रांगेत सगळे सारखे नव्हते, टीएनएफ पुढे होता. १९९२ मध्ये चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅब, म्हणजे टीएनएफ अडवणारं इंजेक्शन, मिळालं. १९९४ मध्ये ७३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली: चार आठवड्यांनी सुधारणा खोट्या औषधावर ८ टक्क्यांत, मोठ्या डोसवर ७९ टक्क्यांत.

याची किंमत २००१ मध्ये कळली. इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद छापून आली. बहुतेकांना पहिल्या काही महिन्यांत, आणि निम्म्याहून जास्त जणांत फुप्फुसाबाहेरचा. क्षयाच्या सुप्त जंतूभोवती पेशींची जी तटबंदी असते, तिच्या विटा टीएनएफ धरून ठेवतो. तो काढला की तट ढासळतो. स्वीडनमध्ये ही दुर्मीळ काळजी असेल, आपल्याकडे ती पहिली पायरी आहे: इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे, सुप्त क्षय शोधणारी मँटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) तपासणी, शिवाय हेपेटायटिस बी. सुप्त क्षय निघाला तर त्याचं औषध सुरू करून निदान महिनाभर गेल्यावर इंजेक्शन. स्टिरॉइड चालू असेल तर मँटू खोटी निगेटिव्ह येते, म्हणून ती स्टिरॉइडच्या आधी करून घेतलेली बरी. पुड्यांतून, बिननावाच्या काळ्या गोळ्यांतून स्टिरॉइड पोटात जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं. ‘दोन दिवसांत गुण आला’ ही त्या पुडीची खूण, आणि ती अचानक बंद केली तर रक्तदाब कोसळू शकतो ही तिची दुसरी बाजू.

पण बहुतेकांचा संसार इंजेक्शनावर चालत नाही, मेथोट्रेक्सेटवर चालतो. या गोळीच्या वंशावळीत मुंबई आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स मुंबईत आल्या त्या गिरणी कामगार बायकांत गरोदरपणी होणाऱ्या एका वेगळ्या पांडुरोगाचा छडा लावायला. काम परळच्या हाफकिनमध्ये. यीस्टच्या अर्काने, म्हणजे ब्रेडला लावायच्या मार्माइटने, तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये लिहिलं. अर्कातला तो घटक पुढे फोलिक आम्ल ठरला. लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने फोलिक आम्लाची, आणि त्याला आडवं जाणाऱ्या अमिनोप्टेरिनची रसायनं तयार केली; फार्बर यांनी ती ल्युकेमियाच्या मुलांना दिली; १९५१ मध्ये गबनर यांनी अमिनोप्टेरिन आमवातात वापरून पाहिलं. पण तेव्हा कॉर्टिसोन या स्टिरॉइडची धूम होती. अमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्सेट आमवातात रुजायला १९८० चं दशक उजाडलं.

गोळी आठवड्यातून एकदाच. सुरुवात साडेसात ते पंधरा मिलिग्रॅम, गरजेप्रमाणे पंचवीसपर्यंत. रक्तातून ती दिवसभरात निघून जाते, पण पेशीच्या आत तिला ग्लुटामेटची शेपटी लागते आणि ती आठवडेच्या आठवडे तिथे अडकून राहते. म्हणून रोज लागत नाही. दुसऱ्या दिवशी फोलिक आम्लाची पाच मिलिग्रॅमची गोळी. मग औषधाचा परिणाम पुसला जात नाही का? फारसा नाही, कारण या लहान डोसात तिचं काम बरंचसं वेगळ्या वाटेने होतं: पेशींबाहेर ॲडिनोसिन वाढतं आणि ते दाह शमवतं.

घात होतो तो ‘आठवड्यातून’ आणि ‘रोज’ यांच्या गफलतीत. चिठ्ठीवर इंग्रजी आद्याक्षरं, घरात बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या, आणि अडीच व दहा मिलिग्रॅमच्या दिसायला सारख्या पट्ट्या. आठ-दहा दिवसांत तोंड सोलून निघतं, मग ताप, मग अंगावर निळे डाग, कारण अस्थिमज्जा बसलेली असते. तोंडात फोड आले की गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं. उतारा म्हणून फोलिनिक आम्ल लागतं, साध्या फोलिकने भागत नाही. वार मराठीत पूर्ण लिहून घ्यावा, ‘गुरुवार’. पट्टी एकाच ताकदीची ठेवावी. लघवीच्या जंतुसंसर्गाला कुणी को-ट्रायमोक्सॅझोल लिहून देत असेल तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगावं, दोन्ही मिळून मज्जेवर घाला घालतात. मूल हवं असेल तर डॉक्टरांना विचारून किमान तीन महिने आधी बंद. पहिले तीन महिने दर दोन-चार आठवड्यांनी, नंतर दोन-तीन महिन्यांनी हिमोग्राम, यकृत आणि क्रिएटिनिन. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि सोडणारे बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच सोडतात.

मग ती आधीची वर्षं? ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये २१३ जणांवर एक चाचणी झाली, २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांत अँटी सीसीपी, सांधे दुखतात, पण सुजलेले नाहीत. निम्म्यांना वर्षभर दर आठवड्याला ॲबॅटासेप्ट, टी पेशीला चेतवणारा दुसरा इशारा अडवणारं इंजेक्शन, निम्म्यांना खोटं. वर्षाअखेर आमवात सुरू झाला होता ६ टक्क्यांत, आणि खोट्या इंजेक्शनावर २९ टक्क्यांत. मग इंजेक्शनं थांबली. दोन वर्षांच्या टोकाला आकडे २५ आणि ३७ झाले होते.

पुढे ढकलला गेला, टळला असं नाही. आणि खोट्या इंजेक्शनावरच्या ६३ टक्क्यांना दोन वर्षांत आमवात झालाच नाही, त्यांच्यासारख्यांना वर्षभर टोचायचं का, हा प्रश्न शिल्लक राहतो. आईला आमवात आहे, स्वतःचा अँटी सीसीपी पॉझिटिव्ह आलाय, बोटं सुजलेली नाहीत, अशी तिशीतली मुलगी आज समोर बसली तर रुमेटॉलॉजिस्ट तिला गोळी लिहून देत नाहीत. घरात कोण सिगारेट ओढतं ते विचारतात, दातांच्या डॉक्टरांकडे पाठवतात, आणि सकाळी मूठ वळायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवायला सांगतात.